आठशे आठचा कोळसा

आमच्याकडे कुणी जेवायला येणार असेल तर मी आधीच सांगून ठेवतो, की ताट मांडीवर घ्यावं लागेल. जेवणाच्या टेबलावरून आगगाडी जाते. लोकांना वाटतं मी गंमत करतोय. मग ते येतात, टेबलावरचा डोंगर बघतात, डोंगरावरची शाळा बघतात आणि निमूट सतरंजीवर बसतात. एका पाहुण्यानं "भाजी कुठल्या फलाटावर लागते?" असं विचारलं होतं. त्याला आम्ही पुन्हा बोलावलेलं नाही.

हे सगळं एका 'हं'पासून सुरू झालं.

हा 'हं' माझ्या सासऱ्यांचा. सासरे निवृत्त इंजिन ड्रायव्हर, तेही वाफेच्या इंजिनाचे. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. बायको सांगते, की ते घरात "पाणी आण" म्हणाले की दोन शेजारी पाणी घेऊन यायचे. ते गेल्या वर्षी आमच्याकडे राहायला आले आणि त्यांनी बोलणंच सोडलं. तब्येत ठणठणीत. सकाळी सहाला उठून छोट्या गोल आरशात बघत दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि ड्यूटीवर गेल्यासारखं खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसायचं. चहा ठेवू का? हं. पंखा लावू का? हं. यातला हो कुठला आणि नाही कुठला, हे ज्याचं त्यानं ओळखायचं.

माझी आणि त्या 'हं'ची ओळख मात्र जुनी. लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी स्वतःच्या हातानं भिंतीला ठोकलेली फळी त्यांनी बघितली. एका बोटानं दाबली आणि म्हणाले, "हं." फळी चौथ्या दिवशी पडली. तेव्हापासून बावीस वर्षं "काय जावईबापू, बरं आहे ना?" यापलीकडे आमचं संभाषण गेलं नाही. मी कचेरीत आवक-जावक विभागात आहे. कागद आला की शिक्का, कागद गेला की शिक्का. हाताचं म्हणून जे काम मला येतं ते एवढंच, आणि हे सासऱ्यांनी पहिल्या दिवशीच ताडलं होतं.

एका रविवारी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबा तीन महिन्यांत माझ्याशी एक अख्खं वाक्य बोललेले नाहीत." आणि तिचे डोळे भरून आले. आता बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं की माणूस तोंडाला येईल ते बोलतो. मी म्हणालो, "चार महिन्यांनी त्यांना ऐंशी पूर्ण होतायत ना? मी त्यांचं इंजिन बनवून देतो. छोटं, पण हुबेहूब. रुळांवर चालणारं. बघ कसे बोलतात."

बायकोनं आधी माझ्याकडे आणि मग भिंतीवरच्या फळीच्या भोकांकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. ती बोलली असती तर मी कदाचित माघार घेतली असती, पण अशा वेळी गप्प बसलेल्या बायकोसमोर माघार घेता येत नाही.

हुबेहूब करायचं तर नकाशा हवा. म्हणून मी रीतसर रेल्वेच्या जुन्या दप्तराच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं मला तीन पानी अर्ज दिला. त्यात एक रकाना होता: 'अर्जदाराचे इंजिनाशी नाते'. मी बराच विचार करून लिहिलं, 'इंजिन सासऱ्यांचे, सबब जावई'. कारकुनानं ते मान्य केलं. मग म्हणाला, "इंजिन सध्या कुठं आहे?"

"मोडीत काढलं. तीस वर्षं झाली."

"मग मोडीत काढल्याचा दाखला जोडा."

"तो कुठं मिळेल?"

"इथंच मिळेल. फक्त त्यासाठी नकाशाचा क्रमांक द्यावा लागेल."

"पण नकाशाच तर मागतोय मी."

"हो, पण दाखल्याशिवाय कसा देणार?" तो इतक्या मायेनं म्हणाला की मला रागावताही येईना. मी सव्वीस वर्षं लोकांना असाच परत पाठवतोय, पण अशी सफाई माझ्या हातात नाही. मी त्याला मनोमन नमस्कार केला आणि हात हलवत घरी आलो.

शेवटी नकाशाचं काम बायकोनंच केलं. सासऱ्यांच्या ट्रंकेत, जुन्या गणवेशाच्या कोटाखाली तिला एक फोटो सापडला. पालथा ठेवलेला होता. फोटोत आठशे आठ नंबरचं इंजिन तिरकं उभं, म्हणजे तोंड आणि पंप असलेली एक अख्खी बाजू स्वच्छ दिसणारी, आणि पुढे हाताची घडी घालून तरणेबांड सासरे. उजव्या मनगटावर घड्याळ. शर्टाचा खिसाही उजवीकडे, त्यात पेन. मी बायकोला म्हणालो, "काय ऐट आहे बघ, घड्याळसुद्धा चारचौघांसारखं नाही घालायचं." ती म्हणाली, "आता तर डाव्या हातात घालतात." मी म्हणालो, "वय झालं की ऐट कमी होते." या वाक्यावर मी त्या दिवशी बेहद्द खूश होतो. त्याचा पश्चात्ताप पुढे येईल.

इंजिन घरात करणं शक्य नव्हतं, कारण ते गुपित ठेवायचं होतं. कोपऱ्यावरच्या घड्याळजीनं दुकानात मला अर्धं टेबल दिलं. हा घड्याळजी मोठा नमुना. त्याच्या दुकानात साठेक घड्याळं आहेत आणि प्रत्येकात वेगळी वेळ. विचारलं तर म्हणतो, "जी दुरुस्त झाली ती लोक घेऊन जातात. माझ्याकडे बिघडलेलीच राहायची." त्यामुळे कचेरी सुटल्यावर मी तिथं जायचो आणि घरी पोचायला किती उशीर झाला हे मला घरी पोचल्यावरच कळायचं.

कथील वितळवून पितळेला डाख द्यायला त्यानं मला शिकवलं. म्हणजे पहिल्या आठवड्यात मी माझा अंगठा, त्याचा टेबलक्लॉथ आणि एका गिऱ्हाइकाचा चष्म्याचा डबा यांना डाख दिला. बॉयलरसाठी पितळी नळी हवी होती. ती मला आमच्या झोपायच्या खोलीत सापडली, पडदा तिच्यावरच लटकत होता. पडदा मी सुतळीनं बांधला. बायकोनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "हवा चांगली येते." धुराडं म्हणजे जुन्या पेनाचं टोपण. पोटात घड्याळजीनं दिलेली बॅटरीवरची छोटी मोटर. आणि रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची ती गोल डोकी, ती पातळ पत्र्याला मागून सुईनं टोचून उठवायची. एकेक. जोर जास्त झाला की भोक पडतं आणि पत्रा वाया जातो. भिंग लावून फोटोतली रिव्हेट मोजली. दिसणाऱ्या बाजूला पाचशे सत्तर. पलीकडची बाजू फोटोत दिसतच नव्हती, तिथेही तेवढीच असणार या विश्वासावर पाचशे सत्तर. एकूण अकराशे चाळीस.

आता हे मी आत्मस्तुती म्हणून सांगत नाही, पण एकही कमी घातलं नाही. घड्याळजी म्हणायचा, "अहो, शे-दोनशे कमी झाली तर कोण मोजणार आहे?" मी म्हणायचो, "एक माणूस आहे."

इंजिन तिकडे, तर डोंगर, बोगदा आणि रूळ घरी जेवणाच्या टेबलावर. सासरे येता-जाता बघायचे आणि "हं" करायचे. डोंगर वर्तमानपत्रं खळीत बुडवून केला. बायकोची एकच अट होती, की डोंगर जेवायच्या वेळी उचलून कपाटावर ठेवता आला पाहिजे. म्हणून तो टेबलाला चिकटवला नाही. कोळसा म्हणून चहाचा चोथा वाळवून ठेवला. वाळलेला चोथा बघून कुणीही कोळसाच म्हणेल. एकदा बायकोनं घाईत त्याचाच चहा केला. सासरे तो प्यायले आणि त्यांचा 'हं' त्या दिवशी नेहमीपेक्षा लांबला.

गवतासाठी सुताराकडून भुसा आणला, हिरव्या शाईत भिजवला आणि गच्चीवर वाळत घातला. शेजारच्याच दोरीवर सोसायटीच्या सेक्रेटरींचे पांढरे शर्ट वाळत होते. वारा सुटला. पुढचं मी प्रत्यक्ष पाहिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी कामावर निघाले तेव्हा त्यांच्या पाठीवर चांगलं कुरण उगवलं होतं.

संध्याकाळी नोटीस आली. 'आपण आपल्या सदनिकेत विनापरवाना रेल्वेमार्ग टाकीत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सात दिवसांत खुलासा करावा.' नोटिशीवर जावक क्रमांक नव्हता. मी ती त्रुटीसह परत पाठवली. माणसानं कितीही अपराध केला असला तरी जावक क्रमांकाशिवाय कागद घेऊ नये. अर्ध्या तासात ती क्रमांक टाकून पुन्हा आली आणि तिच्यापाठोपाठ सेक्रेटरी स्वतः आले. सोबत खालच्या मजल्यावरचे मास्तर. मास्तर निवृत्त मुख्याध्यापक, आणि मी रुळांना ठोकत असलेल्या बारीक खिळ्यांचा टुकटुक आवाज थेट त्यांच्या दुपारच्या झोपेत जात होता.

दोघे तक्रार करायला म्हणून आले ते टेबलाशी वाकले. सेक्रेटरींनी रुळावरून बोट फिरवलं. मग सेक्रेटरी म्हणाले, "स्टेशन इथं चुकलंय. माणसं उतरणार कुठं?"

मास्तर म्हणाले, "स्टेशनाचं राहू द्या. गावाला शाळा नाही."

"डोंगरावर शाळा कशाला?"

"मुलं दमून येतात. शांत बसतात."

त्यानंतर तासभर ते दोघे आमच्या टेबलावर नगररचना करत होते आणि मी त्यांना चहा देत होतो. चांगल्या पुडीतला. शेवटी लेखी परवानगी मिळाली, दोन अटींवर. एक, डोंगरावर शाळा. दोन, आवाज खाली जाऊ नये म्हणून संपूर्ण रेल्वेमार्गाखाली जाड लोकरी नमदा अंथरावा. मास्तर स्वतः आगपेटीची शाळा करून घेऊन आले, तिला चिमुकली घंटासुद्धा होती. जाता जाता म्हणाले, "डोंगराचा पाया कच्चा आहे हं. चिकटवून टाका." आयुष्यात मी लोकांचे बरेच सल्ले ऐकले नाहीत, त्यातला हा एक.

मी रूळ उचलले, नमदा अंथरला, रूळ परत ठोकले. रूळ दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर आले. बोगदा होता तिथंच राहिला. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

वाढदिवसाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता सगळे जमले. सेक्रेटरी (नवा शर्ट), मास्तर, घड्याळजी. घड्याळजी वेळेवर आला, याचं सगळ्यांना नवल वाटलं. बायकोनं सासऱ्यांना हाताला धरून खिडकीतून उठवलं आणि टेबलापाशी बसवलं. मी रुळांवर झाकलेला रुमाल काढला.

काळंभोर आठशे आठ. पितळी कड्या, लाल चाकं, मागं चहाचा कोळसा, आणि खिडकीत करंगळीच्या नखाएवढा ड्रायव्हर. चार महिन्यांत मी ते इतक्यांदा पाहिलं होतं, तरी रुमाल हातातच ठेवून मीही वाकून बघितलं. सासरे बघत होते. 'हं'सुद्धा आला नाही.

मी बटण दाबलं. इंजिन निघालं. गुळगुळीत, न अडखळता. स्टेशन गेलं, वळण गेलं. सेक्रेटरी "वा" म्हणाले. इंजिन बोगद्यात शिरलं, आणि डोंगर चालायला लागला.

दोन सूत. धुराडं बोगद्याच्या छताला आतून अडकलं होतं. डोंगर वर्तमानपत्राचा, हलका, पाया कच्चा. इंजिनानं तो सरळ डोक्यावर घेतला आणि निघालं. डोंगराखाली फक्त चाकं दिसत होती. स्टेशनाचं छप्पर उडालं, झाडं आडवी झाली, आणि वर शाळेची घंटा किणकिण वाजत होती. मास्तर ओरडले, "शाळा धरा." सेक्रेटरींनी शाळा धरली, शाळा हातात आली, डोंगर पुढे गेला. घड्याळजी शांतपणे म्हणाला, "मोटर मात्र दमदार निघाली."

"थांबवा."

हा आवाज ओळखीचा नव्हता. खणखणीत, भिंतीला आदळून परत येणारा. मी बटण बंद केलं. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून बाहेर डोकावल्याचं ऐकू आलं.

सासरे उठले. त्यांनी डोंगर उचलून बाजूला ठेवला आणि इंजिन हातात घेतलं. चष्मा लावला. बोटं बॉयलरवरून फिरली, पंपाशी थांबली, खिडकीशी थांबली. मग ते म्हणाले, "हे उलटं आहे."

"काय उलटं आहे, बाबा?" बायकोनं विचारलं.

"सगळंच. माझी जागा उजवीकडे होती. यात मी डावीकडे बसलोय. पंप डावीकडे होता, तो उजवीकडे आलाय. अख्खं इंजिन डावं-उजवं झालंय." माझ्याकडे वळून ते म्हणाले, "ट्रंकेतल्या फोटोवरून केलंत ना?"

मी मान हलवली.

"त्या फोटोवाल्यानं निगेटिव्हची काच पालथी घालून फोटो छापला. मी त्याला परत करायला गेलो तर म्हणतो, नंबर तर बरोबर आलाय. इंग्रजी आकड्यांतला आठ-शून्य-आठ, तो कुठूनही बघा, तसाच दिसणार. म्हणून तो फोटो मी कधी भिंतीवर लावला नाही. माझं घड्याळसुद्धा भलत्याच हातात आहे त्यात."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ऐट, वय, पश्चात्ताप, ते सगळं त्या एका नजरेत होतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चार महिने, एक अंगठा, एक पडदा, आणि चूकसुद्धा किती मन लावून केली होती मी. एकेक रिव्हेट मोजून.

"रिव्हेट किती आहेत?" सासऱ्यांनी विचारलं. माझ्या मनातलं त्यांना ऐकू गेलं की काय कोण जाणे.

"अकराशे चाळीस."

"मोजून?"

"मोजून."

सासऱ्यांनी इंजिन रुळांवर ठेवलं आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. कुणी कुणाकडे बघेना. सेक्रेटरींच्या हातात अजून शाळा होती. बायको हळूच म्हणाली, "जाऊ दे हो. बोलले तरी." पण तिचा आवाज पडलेला होता, आणि मला वाटलं, आता उद्यापासून 'हं'सुद्धा बंद.

सासरे परत आले. हातात दाढीचा गोल आरसा. त्यांनी तो रुळांच्या पलीकडे, स्टेशनाच्या पडक्या भिंतीला टेकवून उभा केला. खुर्ची ओढली. खाली वाकून आरशात पाहिलं.

आम्हीही त्यांच्या मागे वाकलो. आरशात आठशे आठ उभं होतं, सुलटं. पंप डावीकडे. ड्रायव्हर उजव्या खिडकीत, आपल्या जागेवर.

सासरे बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे माझं," ते म्हणाले. "हेच." आणि मग जे बोलायला लागले ते बोलतच सुटले. हे इंजिन चढावर कसं रुसायचं, त्याच्या शिटीला सर्दी झाल्यासारखा आवाज कसा यायचा, कुठल्या पुलावर ते आपोआप हळू व्हायचं. मास्तर खुर्ची घेऊन बसले. घड्याळजी दुकान उघडं टाकून आला होता, ते तो विसरून गेला. बायको सासऱ्यांच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती आणि हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. मी डोंगराचं भगदाड चिकटपट्टीनं बुजवायच्या निमित्तानं खाली मान घालून बसलो होतो.

मध्येच सासरे थांबले. आरशातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अरे, बघत काय बसलास? कोळसा कमी झालाय, दिसत नाही? कोळसा टाक."

बावीस वर्षांत त्यांनी मला 'अहो जावईबापू' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. बायकोनं तोंडावर हात ठेवला. नंतर तिनं सांगितलं, की बाबा अशी हाक फक्त त्यांच्या कोळसा टाकणाऱ्या फायरमनला मारायचे, आणि तीही जो सहा महिने टिकला त्यालाच.

मी उठलो. स्वयंपाकघरातून चोथ्याचा डबा आणला. इंजिनाच्या मागच्या डब्यात जपून एक चिमूट कोळसा टाकला.

"एवढाच?" सासरे म्हणाले. "पुढे चढ आहे."

मी आणखी एक चिमूट टाकली.